मराठी शब्दप्रक्रिया

मराठी शब्दप्रक्रिया म्हणजे संगणकावर देवनागरी लिपीत मराठी मजकूर टंकित करणे, संपादित करणे, त्याची मांडणी करणे आणि तो जतन करून छापणे वा पाठविणे होय. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालये, न्यायालये, शाळा, वृत्तपत्रे, सहकारी संस्था आणि लहान व्यवसाय यांचे दैनंदिन लेखनकाम या प्रक्रियेवर अवलंबून असते. मजकूर कोणत्या संकेतप्रणालीत साठविला आहे, संगणकावरील आज्ञावल्या अद्ययावत आहेत किंवा नाहीत आणि दस्तऐवज ईमेलद्वारे सुरक्षितपणे पोहोचतो किंवा नाही, या तीन बाबी मराठी शब्दप्रक्रियेत एकमेकींशी निगडित आहेत.

इतिहास

संगणकापूर्वी मराठी कार्यालयीन लेखन टंकयंत्रावर होत असे. गोदरेज अँड बॉईस या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र तयार केले. देवनागरी टंकयंत्रावर अक्षराचे उच्चारानुसार घटक नसून आकारांचे तुकडे असत. अर्धी अक्षरे, काना, वेलांटी आणि रफार हे दिसतील त्या क्रमाने उमटवावे लागत. रेमिंग्टन कळफलक म्हणून ओळखली जाणारी ही मांडणी पुढे संगणकावरही आली आणि टंकयंत्रावर शिकलेल्या लेखनिकांमध्ये ती रूढ राहिली.

भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आयआयटी कानपूर येथे विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने त्याचा पुढील विकास केला. १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा समान कळफलक प्रमाणित करण्यात आला. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून कळांची मांडणी सर्व भारतीय लिप्यांमध्ये बहुतांशी सारखी असते. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

फॉन्टवर आधारित जुनी पद्धत

१९९० च्या दशकात मराठी मुद्रण व कार्यालयीन लेखनात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टचा प्रसार झाला. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. पडद्यावर व कागदावर मराठी मजकूर दिसतो, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत साठविलेले असतात. प्रत्येक निर्मात्याची आकारांची मांडणी निराळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

या पद्धतीचे परिणाम दस्तऐवजांच्या आयुष्यावर होतात. अशा फाइलमध्ये ‘मुखेड’ हे गावाचे नाव युनिकोडमध्ये टंकून शोधल्यास ते सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे ‘मुखेड’ हा शब्दच नसतो. अकारविल्हे यादी लावणे, शुद्धलेखन तपासणे किंवा दृष्टिहीनांसाठीच्या वाचक आज्ञावलीकडून मजकूर वाचून घेणे शक्य होत नाही. मूळ फॉन्ट उपलब्ध नसेल तर संपूर्ण फाइल रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग म्हणून उघडते.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी प्रत्येक फॉन्टकरिता स्वतंत्र परिवर्तक लागतो. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकिली जाते, युनिकोडमध्ये मात्र ती व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराच्या बाबतीत हा क्रम उलट होतो. त्यामुळे केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवून परिवर्तन पूर्ण होत नाही. जोडाक्षरे, वेलांटी व रफार यांच्या ठिकाणी चुका राहण्याचा संभव असतो. न्यायालयीन वा महसुली कागदपत्रांत व्यक्तींची नावे, गट क्रमांक आणि रकमा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

युनिकोड

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. देवनागरीच्या मूळ विभागात १२८ स्थाने असून त्यांची रचना इस्कीच्या धर्तीवर केलेली आहे. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट देण्यात आला. त्याची रचना सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी केली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे संकेतांकनाचे मानक म्हणून निश्चित केले.

एकाच दस्तऐवजात अनेक लिप्या वापरता येणे हा युनिकोडचा महत्त्वाचा लाभ आहे. तेलंगणा व कर्नाटकाच्या सीमेजवळच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषांचाही वापर होतो, तर तख्त सचखंड श्री हजूर साहिब या शीख धर्मस्थानामुळे नांदेड शहरात गुरुमुखी लिपी परिचित आहे. युनिकोडमध्ये या प्रत्येक लिपीला स्वतंत्र स्थाने असल्याने फॉन्ट बदलला तरी मजकुराची लिपी बदलत नाही.

टंकनातील विशेष बाबी

‘ॲ’ : हे अक्षर स्वतंत्र संकेत म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) समाविष्ट झाले. त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’ पुढे चंद्र जोडून लिहिलेला आढळतो. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी शोधताना ती भिन्न मानली जाऊ शकतात. त्यामुळे जुन्या यादीत ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ असे शब्द दोन्ही प्रकारे शोधावे लागतात.

अर्धा र : ‘वऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांचा’ अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो. ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडून किंवा ‘र’ व हलन्तानंतर शून्य-रुंदीचा जोडक देऊन तो मिळतो. एका कार्यालयाने एकच पद्धत पाळल्यास शोध व क्रमवारी अचूक राहते.

ल आणि श : मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रचलित आहेत. मराठी लिपी व वर्णमालेविषयीचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढण्यात आला. काही फॉन्टमध्ये ही रूपे मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावरच दिसतात. भाषा ‘हिंदी’ असल्यास त्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. भाषेच्या योग्य निवडीमुळे शुद्धलेखन तपासनीही मराठी शब्दसंग्रहानुसार होते.

शैली : शीर्षके व परिच्छेद यांसाठी शब्दप्रक्रियेतील ‘शैली’ वापरल्यास मोठ्या अहवालाची अनुक्रमणिका आपोआप तयार होते. रिकाम्या जागा टंकून केलेली मांडणी फॉन्ट बदलताच विस्कटते.

प्रशिक्षण

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था संगणक टंकलेखनाची शासकीय प्रमाणपत्र परीक्षा घेते. मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांत दर मिनिटास ३० व ४० शब्द अशा गतीच्या परीक्षा असतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. मुखेड, देगलूर, उदगीर यांसारख्या ठिकाणी टंकलेखन येणे हे लिपिकपदाच्या नोकरीसाठीचे महत्त्वाचे साधन मानले जाते.

अद्ययावतीकरण

शब्दप्रक्रियेची आज्ञावली, कार्यप्रणाली आणि फॉन्ट यांतील त्रुटी निर्माते अद्ययावत आवृत्तीद्वारे दूर करतात. देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपीत अक्षरे जुळविण्याचे काम कार्यप्रणालीतील स्वतंत्र घटक करतो. त्यामुळे जुन्या प्रणालीत नवी अक्षरे चौकोनासारखी दिसतात किंवा जोडाक्षरे फुटतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील एका जोडाक्षरामुळे ॲपलच्या उपकरणांतील संदेशवहनाची ॲप बंद पडत असल्याचे उघड झाले. त्याच महिन्यात कंपनीने सुधारित आवृत्ती दिली.

फॉन्टची फाइलदेखील धोक्याची ठरू शकते. जुलै २०१५ मध्ये विंडोजमधील फॉन्ट हाताळणाऱ्या घटकातील गंभीर त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टने नियमित वेळापत्रकाबाहेर सुधारणा प्रसिद्ध केली. विशेष प्रकारे बनविलेला फॉन्ट असलेला दस्तऐवज उघडताच संगणकाचा ताबा परक्याकडे जाण्याची शक्यता त्या त्रुटीत होती. अनोळखी संकेतस्थळांवरून फॉन्ट मिळविण्याची सवय याच कारणाने असुरक्षित मानली जाते.

१२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने विंडोजमधील ज्या त्रुटीचा वापर केला, तिची सुधारणा १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेले संगणक बळी पडले. २७ जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात याउलट घडले. युक्रेनमधील एका लेखा आज्ञावलीच्या अद्ययावतीकरण व्यवस्थेत शिरकाव करून तो पसरविण्यात आला. त्याची झळ रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. सुधारणा वेळेवर बसविण्याइतकेच दस्तऐवजांची प्रत संगणकापासून अलग ठेवणेही महत्त्वाचे असल्याचे या दोन घटनांतून स्पष्ट झाले.

विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या मराठी आज्ञावल्या नव्या प्रणालीवर चालत नसल्यास कार्यालये जुनेच संगणक वापरत राहतात. अशा संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवणे आणि त्यावरील मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये आणणे हा त्यावरील सुरक्षित मार्ग आहे.

ईमेल सुरक्षा

युनिकोड मजकूर ईमेलमध्ये सामान्यतः ‘यूटीएफ-८’ स्वरूपात जातो व वाचणाऱ्याकडे विशिष्ट फॉन्ट असण्याची गरज राहत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर पाठविताना मात्र फॉन्टची फाइल सोबत जोडण्याची किंवा पीडीएफ करण्याची प्रथा पडली. अशा जोडफायली निःशंकपणे उघडण्याच्या सवयीचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो.

शब्दप्रक्रियेच्या फाइलमध्ये ‘मॅक्रो’ नावाच्या लहान आज्ञा दडविता येतात. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ऑफिसमध्ये लागू केली. ‘मजकूर दिसण्यासाठी आशय सक्षम करा’ अशी सूचना देणारी फाइल संशयास्पद समजली जाते.

पाठविणाऱ्याचे नाव खोटे दाखविणे ईमेलमध्ये सोपे असते. ते ओळखण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन पद्धती वापरल्या जातात. पहिलीने पाठविणारा सर्व्हर अधिकृत आहे किंवा नाही हे कळते, दुसरीने संदेशावरील अंकीय स्वाक्षरी पडताळली जाते आणि तिसरीने नापास संदेशाचे काय करावे याचा निर्देश मिळतो. तथापि, एखाद्याचे खरे खातेच ताब्यात गेले असल्यास या पद्धती फसवणूक रोखू शकत नाहीत. म्हणून बँक खाते बदलल्याचे कळविणाऱ्या ईमेलची खातरजमा आधीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर केली जाते, तसेच खात्यासाठी द्विस्तरीय पडताळणी वापरली जाते.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले. भिन्न संकेतांची पण सारखी दिसणारी अक्षरे वापरून बनावट पत्ते तयार होऊ शकत असल्याने अशा नावांच्या नोंदणीसाठी नियम आखलेले असतात.

भारतात सायबर घटनांविषयीचे काम २००४ पासून सर्ट-इन ही संस्था पाहते. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या अनुक्रमे ६६-सी व ६६-डी या कलमांखाली गुन्हे आहेत. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदविता येते. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढील खात्यांत जाण्याआधी गोठविली जाण्याची शक्यता वाढते.

हेही पहा

देवनागरी
युनिकोड
इनस्क्रिप्ट
सी-डॅक
माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००