चांदवडी रुपयापासून चलनी नोटेपर्यंत

नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघालें म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटरांवर चांदवड लागतें. डोंगरावरील किल्ला आणि गांवांतील होळकरांचा रंगमहाल ह्यांमुळें हें स्थळ पुष्कळांस परिचित आहे. परंतु होळकरांच्या अमलांत येथें टांकसाळ होती, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें. तिच्यांतून पडणाऱ्या चांदवडी रुपयावर नांव दिल्लीच्या शहाआलम बादशहाचें, लिपि फारसी, आणि गांवाचा उल्लेख 'जाफराबाद उर्फ चांदवड' असा असे.

श्रोतेहो, ह्या रुपयाच्या निमित्तानें आज एका जुन्या प्रश्नाचा विचार करूं : पैसा खरा कीं खोटा, हें ओळखावयाचें कोणी आणि कशावरून?

चांदवडी रुपयाच्या बाबतींत उत्तर सोपें होतें. ओळखावयाचें सराफानें, आणि तें चांदीवरून. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून पुरा मजकूर नाण्यावर क्वचितच उमटे. अक्षरांवरून खरेंखोटें ठरविणें कठीण. सराफ नाणें वाजवून पाही, तोली, शंका आल्यास कसास लावी, आणि कित्येकदां आपल्या पारखीची खूण त्यावर ठोकी. शेतकऱ्यास ही विद्या अवगत नसे. सराफाचा शब्द हाच त्याचा आधार. तथापि एक समाधान होतें. रुपया हिणकस निघाला, तरी त्यांत जेवढी चांदी तेवढें मोल हातीं राही.

कागदास असा आधार नाहीं. नोट खोटी ठरली कीं तिचें मोल शून्य. आपले व्यापारी ही अडचण जाणून होते. हुंडींत रक्कम नुसती न लिहितां, तिची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पट असा उल्लेख ते करीत. हेतु हा, कीं मागाहून कोणास आंकडा वाढवितां येऊं नये. मूळ हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' आणि तीहि हरवली तर 'परपेठ' लिहून देत. पण हुंडी ओळखीच्या पेढ्यांमध्यें फिरे. जो कागद अनोळखी हातांतून जावयाचा, त्याची साक्ष त्या कागदानेंच दिली पाहिजे.

१८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. व्हिक्टोरिया राणीचें चित्र असलेल्या पहिल्या नोटा एकाच बाजूस छापलेल्या असून त्यांचा कागद इंग्लंडांत हातानें केलेला होता. तारेच्या जाळीवर लगदा ओला असतांनाच जाळीवरील आकृतीमुळें तो कोठें पातळ, कोठें जाड बसतो. वाळल्यावर कागद उजेडासमोर धरला कीं ती आकृति दिसते. हेंच जलचिन्ह. तें कागदावर नसून कागदांत असतें, म्हणून शाईनें त्याची हुबेहुब नक्कल साधत नाहीं. तरीहि बनावट नोटा इतक्या निघाल्या, कीं ही माला मागें घेऊन १८६७ पासून रंगीत पार्श्वछपाईची नवी माला आणावी लागली. टपालांतील चोरीस भिऊन लोक नोट मधोमध कापीत. एक अर्धें पोंचल्याचें उत्तर आल्यावर दुसरें पाठवीत.

१९२८ सालीं नाशिकरोड येथील छापखान्यांत नोटांची छपाई सुरू झाली, आणि १९३२ पर्यंत सर्व किंमतींच्या नोटा तेथें छापल्या जाऊं लागल्या. जेथून जवळच एके काळीं चांदवडी रुपया पडे, त्याच मुलखांत देशाचा कागदी रुपया तयार होऊं लागला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं दहा रुपयांच्या उत्तम बनावट नोटा काढल्या. त्यावर उपाय म्हणून जलचिन्हांतील सहाव्या जॉर्जचा एका बाजूनें दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा घातला, आणि हिंदुस्थानांत प्रथमच कागदाच्या पोटांत सुरक्षा-धागा ओवला गेला. १९९६ च्या महात्मा गांधी मालेंत हा धागा कागदावर मधून मधून डोकावूं लागला, आणि अंधांस चांचपतां येतील अशा उठावदार खुणाहि आल्या. आजच्या शंभराच्या नोटेच्या कडांस अशा चार रेषा आहेत, पांचशेंच्या नोटेस पांच.

ह्या सर्व इतिहासाचा अर्थ एवढाच, कीं सराफाची पारख आतां ज्याच्या त्याच्या हातीं आली आहे. बँक खोटी नोट जप्त करते आणि मोबदला देत नाहीं. नुकसान खोटेपणा करणाऱ्याचें होत नाहीं. ज्याच्या हातीं नोट शेवटीं सांपडते त्याचें होतें, आणि तो बहुधा भाजी विकणारा किंवा रोजंदारीवर जगणारा असतो. म्हणून नोट घेतांना ती उजेडासमोर धरावी, तिरपी करून धाग्याचा हिरवा रंग निळा होतो कीं नाहीं पाहावें, आणि छपाईचा उठाव बोटानें तपासावा. खोटी नोट पुढें खपविण्याचा मोह मात्र कोणींहि धरूं नये. तसें करणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय आपलें नुकसान आपल्याहून गरिबाच्या पदरांत टाकण्यासारखें तें आहे.