‘नान’ शब्दाचें मूळ

फारसी, ताजिक व कुर्दी या भाषांत नित्याच्या रोटीस ‘नान’ म्हणतात. ताजिक उच्चार ‘नोन’ असा होतो. आपल्याकडे ‘नानकटाई’च्या पूर्वपदांत हाच शब्द येऊन पोंचला आहे. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास तो ऐकतांच ‘अन्न’ आठवतें. अर्थ जवळचा, नकारही दोन. मग नातें जुळविण्यास कितीसा विलंब? आम्हींही पुष्कळ वर्षें वर्गांत हेंच सांगितलें. तें चूक होतें, व कसें चूक होतें हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत टिपण लिहीत आहों.

फारसीच्या मागें पहलवींत जावें तर तेथेंही ‘नान’च आढळतें. तेवढ्यावर थांबल्यास ‘अन्न’पक्ष खोडतां येत नाहीं. परंतु फारसी ही इराणी कुलांतील एक भाषा; तिच्या बहिणींचीही साक्ष घेतली पाहिजे. बलुचींत रोटीस ‘नगन’ म्हणतात. पश्तूंत ‘नग़न’ हा शब्द आहे. मध्य आशियांतील लुप्त सोग्दी भाषेच्या लेखांत न, ग़, न अशीं व्यंजनें येतात. १९०२ ते १९१४ या काळांत जर्मन पथकांनीं तुर्फान येथून आणलेल्या मानीपंथी पत्रांतील पार्थियन भाषेंत न, ग, न आहेत. आर्मेनियन ही इराणी भाषा नव्हे. पण तिनें पार्थियनमधून उचललेल्या शब्दांत ‘न्कन’ आहे.

एकमेकींपासून इतक्या दूर पांगलेल्या या भाषांनीं मधला कंठ्य वर्ण आपापल्या मनानें घातला असें म्हणतां येत नाहीं. तो मुळांतच होता. फारसीनें टाकला व त्याची भरपाई स्वर दीर्घ करून केली. म्हणजे मूळ रूप ‘नग्न’ असें ठरतें. उलट ‘अन्न’ हें ‘अद्’ धातूपासून झालेलें. त्यांत गकारास कोठेंच जागा नाहीं. तेव्हां तो संबंध तुटला.

हें रूप आपल्या ‘नग्न’ म्हणजे उघडा या शब्दाशीं अक्षरशः जुळतें. निखाऱ्याच्या राखेंत पुरून न भाजतां तंदुराच्या भिंतीवर उघडी भाजलेली ती ‘नग्न’, असा उलगडा कांहीं विद्वानांनीं केला आहे. मात्र अवेस्तेंत उघडा या अर्थीं ‘मग़्न’ असें आद्यवर्ण बदललेलें रूप आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. रूप अनेक साक्षींनीं सिद्ध आहे. अर्थाचा उलगडा हा तर्क आहे. दोहोंस एकच वजन देऊं नये.

वाजसनेयि संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायांत, सौत्रामणीच्या प्रकरणीं, सुरा आंबविण्याच्या द्रव्यास ‘नग्नहु’ म्हटलें आहे. त्याच्या पूर्वपदांत इराणी रोटीचाच शब्द असावा असें मत मांडलें गेलें आहे. तें खरें असल्यास ‘नान’चा आप्त संस्कृतांत होताच, आम्हीं मात्र त्यास भलत्याच घरीं शोधीत होतों.

कानास गोड लागणारें साम्य हा पुरावा नव्हे. वर्णांचा मेळ नियमानें बसला पाहिजे. फारसीच्या विपुल ग्रंथसंपत्तीनें जो वर्ण गमावला, तो बलुचींतील रोजच्या घांसानें जपून ठेवला. यासाठीं मोठ्या भाषेचा कोश उघडण्यापूर्वीं तिच्या लहान बहिणींच्या दारीं एकदां अवश्य जाऊन यावें.