चाळीस पोरांचा हिशेब

२०२३ च्या सप्टेंबरात अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकाळची दफ्तरं बाहेर निघाली. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. कागद मोडीत आणि उर्दूत. मग वाचता येणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

मराठवाड्यात भाषेचं पारडं किती वेळा फिरलं, हे या दफ्तरांत दिसतं. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू कारभाराला आली. १९१८ चं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. बहुतेक रयत तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. सरकारी कागद तिला वाचता येईना. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हा निजाम सरकारचा हुकूम आडवा येई. तरी १९३७ साली परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. संख्येनं मोठे असूनही हे लोक भाषेच्या बाबतीत मागणारे होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली आणि मागणारे बदलले. कुंडलिकेकाठच्या नवीन जालन्यातलं उर्दू बोलणारं घर घ्या. राजानं काल जी भाषा चालवली, तिच्यासाठी आता त्या घरानं अर्ज करायचा. आणि त्यातली बरीच घरं विणकर-कारागिरांची, दरबाराशी त्यांचा संबंध तो काय! ट्रान्सिल्वेनियातल्या हंगेरियनांची गत अशीच. १९२० च्या त्रियानों तहानं त्यांचा प्रदेश रुमानियाकडे गेला आणि ते राज्यकर्त्यांचे अल्पसंख्य झाले. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियातली साम्यवादी राजवट कोसळली, त्या उठावाची सुरुवात हंगेरियन पाद्री लास्लो तोकेश यांच्या पाठीशी जमलेल्या लोकांपासून झाली. तरी तीनच महिन्यांत तिर्गू मुरेशला हंगेरियन आणि रुमानियन एकमेकांवर तुटून पडले. २००१ च्या कायद्यानं मग आकडा ठरवला: गावात २० टक्के असाल, तर स्थानिक कारभारात तुमची भाषा चालेल.

आपण आकडा फार आधी ठरवला होता. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी मान्य केलं की शाळेत एका भाषेची ४० किंवा वर्गात १० मुलं असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. १९५६ च्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३५०-अ आला आणि मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाला घटनेत जागा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मला हा चाळीसचा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण उपकाराची भाषा त्यात नाही. पण ३९ पोरांच्या शाळेनं काय करायचं?

शाळेनंतर पाटीचा प्रश्न: तो अकोला जिल्ह्यातल्या पातूरला उभा राहिला. नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू का, म्हणून एक माजी नगरसेविका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ ला निकाल लागला: २०२२ चा राज्याचा कायदा मराठी सक्तीची करतो, जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. पाटी कायम राहिली.