चिमण्यांशी मांडलेले युद्ध

ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखण्या पुष्कळांनी पाहिला असेल. पाखरे उठतात, घिरटी घेतात आणि पलीकडच्या शेतात उतरतात. राखण्यालाही तेवढेच हवे असते. चीनमध्ये १९५८ साली मात्र पाखरांना उतरायला जागाच ठेवायची नाही, असे ठरले.

उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे माओ-त्से-तुंग यांच्या राजवटीने जाहीर केलेले चार शत्रू. चिमणी दाणे खाते, एवढाच तिचा अपराध. (तिकडची चिमणी आपल्या चिमणीची चुलतबहीण; डोक्यावर तांबूस टोपी, गालावर काळा ठिपका, आणि नरमादी दिसायला सारखीच.) एप्रिलमध्ये पेकिंगला शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सारे शहर गच्च्यांवर आणि रस्त्यांवर लोटले. ढोल, झांजा, तवे, पातेली, हाती लागेल ते बडवायचे, बांबूला बांधलेली फडकी हालवायची आणि पाखराला कुठेही टेकू द्यायचे नाही. उडून उडून थकलेल्या चिमण्या आकाशातून टपाटप पडत. घरटी मोडली, अंडी फोडली.

चेंग त्सो-शिन या पक्षिशास्त्रज्ञांनी शेकडो चिमण्यांची पोटे चिरून पाहिली होती. दाणे खाते हे खरे. पण पिले भरवायच्या दिवसांत ती अळ्या नि किडेच वेचते. किडींना आता रान मोकळे मिळाले. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे गेली. ते सारे पाप चिमण्यांच्या हत्येवर लोटणे बरोबर नव्हे. फुगवलेले पिकांचे आकडे आणि त्यांवरून झालेली धान्याची सक्तीची वसुली, ही कारणे त्याहून मोठी. किडीने त्यात भर घातली. १९६० साली यादीतून चिमणी निघाली, ढेकूण शिरला. चेंग यांची मात्र सुटका झाली नाही. सांस्कृतिक क्रांतीत त्यांच्यापुढे निरनिराळ्या पक्ष्यांचे अवयव जोडून केलेला एक पक्षी ठेवून ‘ओळखा’ म्हणून परीक्षा घेतली गेली!

चिमणी सावरली. तिचा दूरचा भाऊबंद, पिवळ्या छातीचा भारीट, याची कथा निराळी. (काळ्या डोक्याचे भारीट आपल्याकडेही हिवाळ्यात ज्वारीवर थव्याने येतात.) सायबेरियाकडून दक्षिणेकडे जाताना तो भातशेतांत उतरे, आणि जाळ्यांतून थेट क्वांगतुंगच्या ताटांत जाई. १९९७ साली बंदी आली, तरी चोरटी शिकार चालूच राहिली. २००४ पर्यंत ज्याची कुणाला काळजी नव्हती, तो २०१७ साली नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत गणला गेला. २०२१ साली चीनने त्याला पहिल्या श्रेणीचे संरक्षण देऊन पांडाच्या पंगतीला बसवले.