नेटवर्क कार्डाची विभागणी आणि कर्नलची बदलती भूमिका : ‘परमनेट’च्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय महासंगणकाचा इतिहास प्रामुख्याने गणनवेगाच्या आकड्यांतून मांडला जातो. परंतु अनेक प्रोसेसरांमधील संदेशवहन मंदावल्यास हा वेग निष्फळ ठरतो. म्हणूनच नेटवर्क कार्ड आणि संगणक प्रणालीचा गाभा असलेला कर्नल यांच्यातील संबंधांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परम आणि परमनेट

अमेरिकी निर्यात-निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर डॉ. विजय भटकर हे तिचे संस्थापक संचालक होत. १९९१ च्या ‘परम ८०००’ मधील ट्रान्सप्युटर या प्रोसेसरातच परस्परांशी जोडणीची सोय होती. पुढे सर्वसाधारण संगणकांचे समूह जोडण्याची पद्धत आली आणि स्वतंत्र नेटवर्क कार्डाची निकड निर्माण झाली. सी-डॅकने ‘परमनेट’ विकसित केले; त्याची दुसरी आवृत्ती २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये वापरली गेली.

कर्नलमार्फत जाणाऱ्या प्रत्येक संदेशास प्रतलेखनाचा व विलंबाचा भार सोसावा लागतो. कॉम्पॅक, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या व्हर्च्युअल इंटरफेस आर्किटेक्चरने यावर उपाय सुचविला : जोडणी कर्नलने करून द्यावी, संदेश मात्र प्रक्रियेने थेट कार्डाकडे सोपवावा. परमनेटच्या दुसऱ्या आवृत्तीने याच विचाराचा अंगीकार केला.

व्हर्च्युअल फंक्शन

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविण्याची प्रथा रूढ होताच हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. २००७ मध्ये पी.सी.आय.-सिग या संस्थेने एस.आर.-आय.ओ.व्ही. हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार कार्डाचे मूळ ‘फिजिकल फंक्शन’ अनेक मर्यादित ‘व्हर्च्युअल फंक्शन’ निर्माण करते व प्रत्येक आभासी संगणकास त्यांपैकी एक थेट देता येते.

लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २.६.३० या आवृत्तीत, २००९ मध्ये आली. आरंभी फंक्शनांची संख्या ड्रायव्हर सुरू करतानाच सांगावी लागे. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून ‘एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस’ या फाइलमध्ये संख्या लिहून ती ठरविता येऊ लागली. मात्र चालू संख्या बदलावयाची असल्यास प्रथम शून्य लिहावे लागते. म्हणजेच जुनी वाटणी मोडल्याखेरीज नवी करता येत नाही. प्रत्येक फंक्शनाचा पत्ता व त्यावरील बंधने यजमान कर्नल फिजिकल फंक्शनद्वारे ठरवितो, तर एका आभासी संगणकाने दुसऱ्याच्या स्मृतीत शिरकाव करू नये याची दक्षता आय.ओ.एम.एम.यू. हा घटक घेतो.

समारोप

परमनेट व व्हर्च्युअल फंक्शन यांच्यात थेट वंशपरंपरा नसली, तरी वैचारिक साम्य स्पष्ट आहे. दोहोंमध्ये कर्नल संदेशवाहकाच्या भूमिकेतून बाजूस होतो; परंतु वाटप व संरक्षण यांचे अधिकार त्याच्याकडेच राहतात. गती वाढविण्यासाठी नियंत्रण सोडावे लागत नाही, ते योग्य स्थानी ठेवावे लागते. म्हणूनच परमच्या इतिहासात गणनवेगाइतकेच स्थान परमनेटसारख्या जोडणीच्या तंत्रालाही मिळणे आवश्यक आहे.