पाच हजार डॉलरांची पंगत

सोनार डाग देताना टाकणखार लावतो. एकेकाळी अमेरिकेत तोच टाकणखार माल नासू नये म्हणून लोण्यात आणि मांसात सर्रास घातला जाई. दुधात फॉर्मॅलिन पडे. यानं अपाय होतो असं म्हणावं, तर ते सिद्ध कुणी करायचं? विकणाऱ्याला गरज नव्हती, खाणाऱ्याची ऐपत नव्हती.

निर्भेळ अन्नाच्या शोधासाठी सरकारनं आपली थैली सोडावी, या रीतीचं एक ठळक मूळ या कोंडीत आहे. कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वॉशिंग्टन वायली पैशासाठी काँग्रेसच्या मागे लागले होते. १९०२ साली ५,००० डॉलर मंजूर झाले. ही द्रव्यं माणसाच्या पोटात जाऊन काय करतात, एवढंच पाहायचं होतं.

वायलींनी वॉशिंग्टनमध्ये आपल्या कचेरीच्या तळघरात पंगत मांडली. बारा धडधाकट तरुण, त्यातले बरेच खात्यातलेच नोकर. जेवण फुकट, पण बाहेरचा घासही वर्ज्य. जेवणाआधी वजन, नाडी, ताप यांची नोंद. मलमूत्रही तपासणीसाठी जमा करायचं. टाकणखार आधी लोण्यात लपवला, तर पोरं लोण्याला हात लावीनात. मग दूध, मांस, कॉफी. तेही त्यांनी ओळखलं. शेवटी लपवाछपवी सोडून तो कॅप्सूलमध्ये भरून समोर ठेवला, आणि त्यांनी तो जाणूनबुजून गिळला. हळूहळू भूक मंदावली, डोकी दुखू लागली, पोटात कळा येऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना 'विषपथक' म्हटलं. पुढे सॅलिसिलिक आम्ल, बेंझोएट, फॉर्मॅल्डिहाइड अशी एकेक पाळी आली. परक्यांची मुलं सुखरूप जेवावीत म्हणून पोट पणाला लावणाऱ्या या तरुणांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. मला ते लागतं.

वर्षानुवर्षं अडून राहिलेला निर्भेळ अन्न व औषध कायदा अखेर ३० जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांच्या सहीनं झाला. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' कादंबरीनं लोकांचा संताप पेटवला होता. वायलींच्या तळघरानं त्याला आकडे पुरवले होते. आपल्याकडे भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा, आणि त्याच्या जागी आलेला अन्नसुरक्षा कायदा २००६चा.

फॉर्मॅलिन मात्र गेलं नाही. जुलै २०१८मध्ये मासळीत ते असल्याच्या संशयानं गोवा हादरलं. बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद करावी लागली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेनं, कागदाची एक पट्टी सादर केली होती. ती मासळीवर घासायची, वर द्रावणाचा थेंब टाकायचा. फॉर्मॅलिन असेल तर दोनचार मिनिटांत पट्टीचा रंग बदलतो. कुणालाही टाकणखार गिळावा लागत नाही.