सांधा नुसता मजबूत असून भागत नाही

बंगळुरूच्या इंदिरानगरात ८० फुटी रस्त्यावर इस्रोच्या द्रव प्रणोदन प्रणाली केंद्राचा परिसर आहे. उपग्रहांच्या प्रणोदन यंत्रणांचे काम येथे चालते. टाक्या, बारीक नळ्या, झडपा यांच्या प्रत्येक सांध्याला येथे एकच अट असते: उड्डाणानंतर दुरुस्तीला कोणी जाणार नाही. मंगळयानाचे ४४० न्यूटनचे मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवसांच्या विश्रांतीनंतर २२ सप्टेंबर २०१४ रोजी पुन्हा प्रज्वलित झाले, तेव्हा इंजिनाबरोबर अशा सांध्यांचीही परीक्षा होती.

पातळ धातू निर्दोष जोडण्याचा प्रश्न मात्र अवकाशयुगाहून जुना आहे. १९१२-१३ च्या सुमारास जर्मनी आणि इंग्लंडमध्ये स्टेनलेस स्टील आकाराला आले. त्यातील सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेला प्रकार सर्वत्र रूढ झाला. तापवून मऊ केलेला त्याचा पत्रा तुटण्यापूर्वी ४० टक्क्यांहून अधिक ताणला जाऊ शकतो. हीच त्याची तन्यता. परंतु आर्क वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते. पातळ पत्रा वाकतो. शिवाय सांध्यालगतचा भाग ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळला, तर क्रोमियम कार्बनशी संयोग पावते आणि तेथील गंजरोधकता घटते.

यावरचा एक उपाय प्रकाशातून आला. १९६० मध्ये थिओडोर मायमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर निर्माण केला. पुढे हाच लेसर कारखान्यांत धातू कापू आणि जोडू लागला. त्याचा सांधा अरुंद असतो, क्षणात थिजतो. क्रोमियमला कार्बनशी जुळायला अवधीच मिळत नाही.

तथापि या वेगाची किंमतही असते. सावकाश थंड होताना या पोलादात बहुधा आधी फेराइट नावाची रचना तयार होते. गंधक आणि फॉस्फरस ती बऱ्याच अंशी सामावून घेते. अतिवेगाने थंड होताना फेराइटऐवजी थेट ऑस्टेनाइट घडू शकते. मग ही अशुद्धद्रव्ये शेवटी थिजणाऱ्या पातळ थरात साचतात आणि आकुंचनाच्या ताणाने तेथे सूक्ष्म तडे जातात. सांधा वरून चकचकीत दिसतो, वाकवताच उघडतो.

म्हणूनच क्रोमियम व निकेल यांचे प्रमाण, गंधकाची मर्यादा आणि किरणाचा वेग आधी ठरवावा लागतो. नमुन्याचा सांधा ओढून त्याची ताकद कळते; वाकवून मात्र तो प्रक्षेपणाचे हादरे सोसताना तडकेल की थोडा ताणला जाऊन टिकेल, याचा अंदाज येतो. जेथे दुरुस्ती अशक्य, तेथे हा दुसरा गुणच अधिक मोलाचा.